सेतुरामची पळी

माझा मेहुणा सेतुराम याच्याबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तो चौतीस वर्षं तंजावूरच्या एका कॉलेजात रसायनशाळेचा अटेंडर होता. दुसरी, तो मेलेल्या माणसाशी बोलत असे. पहिली गोष्ट सरकारी कागदावर आहे. दुसरी मी माझ्या कानांनी ऐकली आहे, म्हणून माझ्या लेखी ती पहिलीपेक्षा जास्त खरी.

सेतुराम म्हणजे माझ्या वसुमतीचा पाठचा भाऊ. राजवाड्यामागच्या गल्लीत घर. उंच, वाळका, खिशात कायम घडी केलेलं पांढरं फडकं. भांडं दिसलं की पुसायचं. लग्नात पंगतीला बसला तरी पाण्याचा टंबलर आधी उलटा करून त्याचा तळ बघणार. वसुमती म्हणायची, "अरे, जेवायला आलास का तपासणीला?" हा शांतपणे म्हणायचा, "अक्का, भांडं खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

दुसरी सवय संध्येची. दुपारची संध्यासुद्धा चुकवायची नाही, मग कॉलेज असो की काही असो. त्यासाठी तांब्याचं पंचपात्र आणि पळी एका पिशवीत घालून रोज बरोबर न्यायचा. सकाळी घरून भरलेलं पाणी दुपारी रसायनशाळेच्या मागच्या व्हरांड्यात वापरायचा. दहीभाताचा डबा विसरून आलेला मी त्याला पाहिला आहे. पंचपात्र विसरलेला नाही.

आता मी, पापनाशमचा भातवाला, आठवीपर्यंत गावच्या शाळेत बसलेला, या रसायनाच्या भानगडीत कसा पडलो? तुसांमुळे. भात कांडल्यावर जी तुसं उरतात, ती कॉलेजच्या राजगोपाल सरांना हवी होती. सेतूनं माझं नाव सांगितलं. मग मी दोन महिन्यांतून एकदा पोतं घेऊन बसनं तंजावूरला जायचो. एकदा कंडक्टर मला वडीलधारा समजून म्हणाला, "पेरियवर, तुसं तंजावूरला कशाला? तिथं काय कमी आहेत?" म्हटलं, "तिथली तुसं शिकून झाली. आमची अजून कॉलेजात जायची आहेत." बसभर हसले लोक. कंडक्टरनं पोतं पायाशी ठेवू दिलं.

राजगोपाल सर तुसं आम्लात उकळायचे. त्यातून एक पिवळसर तेल निघायचं. त्याला कडू बदामाचा वास. एकदा मी विचारलं, सर, याचं करता काय? त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. म्हणाले, "या तेलाचा एकेक कण म्हणजे पाच जणांनी हात धरून केलेलं रिंगण आहे. त्यातल्या एकाच्या पाठीला एक शेपूट आहे. मला रिंगण मोडायचं नाही. फक्त शेपटाला पाण्यातला हायड्रोजन जोडायचा आहे. भट्टी नको, दाबाखालचा गॅस नको. साधं पाणी आणि वीज."

त्यासाठी त्यांच्याकडे काचेचं एक दोन कप्प्यांचं भांडं होतं. त्याला ते सेल म्हणत. एका कप्प्यात कार्बनची काळी पट्टी. तिच्यातून वीज गेली की तिथं हे जोडकाम व्हायचं. व्हायचं म्हणजे, व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर ती रिंगणं हायड्रोजन घेण्याऐवजी एकमेकांनाच दोन-दोन करून मिठी मारायची आणि पट्टीवर तपकिरी चिकटा जमायचा. फणसाच्या चिकासारखा. नऊ वर्षं सर हेच करत होते. रोज सकाळी नवी आशा, रोज संध्याकाळी चिकटा. घरी त्यांचं कोणी नव्हतं. लग्न केलं नाही. सेलसमोर वेताची एक खुर्ची होती, तीच त्यांचं घर.

मग एके दुपारी, मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्यांनी सेलला नवीन पट्टी बसवली, वीज चालू केली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सेतू, प्यायला पाणी दे." सेतू टंबलर धुवायला गेला. तुम्हाला सांगितलंच आहे, हा भांडं तीनदा धुतल्याशिवाय कुणाला पाणी देत नाही. तो परत आला तेव्हा सर गेले होते. मान सेलकडे वळलेली, डोळे उघडे. सेतूच्या हातातला टंबलर भरलेलाच राहिला.

एकदाच धुतला असता तर, हे सेतूच्या मनात जे बसलं ते बसलंच.

सरांचा एक पुतण्या लांबून आला, तेरा दिवस उरकून गेला. चौदाव्या दिवशी मी तुसांचं पोतं घेऊन पोचलो, कारण सर गेल्याचं मला कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रसायनशाळेत सेतू एकटा. विभागातून निरोप आला होता, टेबल मोकळं करा. तो म्हणाला, "भावजी, सरांचा त्या दिवसाचा प्रयोग अर्धा राहिलाय. तेवढा पुरा करतो आणि मग आवरतो." तेवीस वर्षं बघून बघून त्याला सगळं येत होतं. त्यानं सेल भरला, बटण दाबलं. मी पोत्यावर बसलो.

दोन-अडीच तास झाले असतील. खोलीत तो बदामाचा वास दाटून होता. नऊ वर्षांत भिंतींनाही लागला होता. आणि एकाएकी तो गेला. कमी कमी होत गेला असं नाही. कोणी दार उघडून बाहेर नेला, तसा गेला. सेतूनं वाकून पाहिलं. पट्टीवर चिकटा नाही. पाणी स्वच्छ. त्याच वेळी वीज गेली, पंखा थांबला. विजेचं माप दाखवणारा काटा शून्यावर आला. आणि आम्ही दोघं बघत असताना तो शून्य ओलांडून हळूहळू पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथं थरथरत राहिला. झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तसा. पाठीमागे वेताची खुर्ची करकरली.

सेतू वळला नाही. एवढंच म्हणाला, "बसले."

मी पोतं तिथंच टाकून बस स्टँड गाठला. घरी पोचलो. वसुमती म्हणाली, "रिकामं पोतं तरी आणायचं होतंत." म्हटलं, तू जा आणायला.

सेतूनं त्या दिवशी रजिस्टरमध्ये तारीख घातली आणि पुढे लिहिलं, द्रव स्वच्छ. टेबल काही मोकळं झालं नाही. कारण त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं. अकरा वर्षं. विभागात कुणी तो सेल भरला तरी चालायचा, पण सकाळी सेतू एकटा आत जाऊन दार लावून पाच मिनिटं थांबल्यावर. आत बोलण्याचा आवाज यायचा. मी बाहेर उभा राहून ऐकलं आहे. "सर, आज पाणी गार आहे जरा. सर, हरितानं काल उशीर केला, रागावू नका." त्या खुर्चीत मात्र कुणी बसत नसे. सेतू बसूच देत नसे.

हरिता म्हणजे आमच्याच तंजावूरी मराठी लोकांतली पोर. आईवडील मराठी बोलतात, ही तमिळमध्ये उत्तर देते आणि अडलं की हसते. चार वर्षांपूर्वी ती पीएचडीला आली आणि राजगोपाल सरांचं अर्धं काम तिनं हातात घेतलं. हुशार, नीटनेटकी, सेतूची लाडकी. त्याला मामा म्हणायची. सेतूनं तिला सगळं करू दिलं, एक सोडून. "ती पट्टी घासायची नाही. सरांनी बसवली आहे. पाण्यानं धू, पण घासू नको." ती बिचारी हो म्हणाली. चार वर्षांत शंभराहून जास्त वेळा प्रयोग केला, सगळे आकडे चोख. प्रबंध लिहून झाला.

मग सेतू रिटायर झाला. मे महिन्यात हार घातला, काप्पी म्हणजे कॉफी दिली, पाठवून दिलं. एकटा राहणार म्हणून वसुमतीनं त्याला पापनाशमला आमच्याकडे आणलं. तो दिवसभर आमची भांडी पुसत बसायचा.

जुलैच्या शेवटी एका सकाळी हरिता बसमधून उतरून थेट आमच्या अंगणात. डोळे सुजलेले. वसुमतीनं डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, काप्पी ओतून तिच्या हातात दिली, ती तिनं तशीच धरून ठेवली.

"मामा, सेल चालत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही. रोज चिकटा. चोवीस वेळा केलं. शिवराज सर सही करत नाहीत."

शिवराज सर म्हणजे तिचे विभागप्रमुख. प्रबंधावर त्यांची सही हवी. त्यांनी सांगितलं होतं, पुढच्या शुक्रवारी माझ्यासमोर, माझ्या हातानं भरलेल्या सेलमध्ये हा निकाल एकदा दाखव. नाही दाखवलास तर चार वर्षांचे आकडे तू घरी बसून लिहिलेस असं मी वर कळवणार.

"असं म्हणाले?" वसुमतीनं विचारलं.

"तसंच म्हणाले, आजी. म्हणाले, अटेंडर असला की चालतो आणि नसला की चालत नाही, हे विज्ञान नाही, ही जत्रा आहे."

सेतू फडक्यानं तोच टंबलर पुसत राहिला. मग हळूच विचारलं, "पट्टी घासलीस?"

हरितानं मान खाली घातली. "लालसर डाग होते मामा. पुस्तकात लिहिलंय, पट्टी स्वच्छ पाहिजे. नवीन सुरुवात म्हणून पॉलिश पेपरनं..."

"अय्यो," सेतू म्हणाला. एवढंच. आणि मागच्या दारी निघून गेला.

मी त्याच्या मागे गेलो. तो विहिरीच्या काठावर बसला होता. तोंड पांढरं. म्हणाला, "भावजी, ती पोर खोटी नाही. खोटा मी आहे."

"काय केलंस?"

"रोज सकाळी सरांच्या नावानं एक पळी पाणी सेलमध्ये घालत होतो. पंचपात्रातलं. सर गेल्यावर जी पहिली अमावास्या आली, त्या दिवशी मी तर्पणात गुरू म्हणून त्यांचं नाव घेतलं. पण मनाला बरं वाटेना. पाणी त्यांनी तिथं मागितलं होतं. मग तिथंच दिलं. कुणाला सांगितलं नाही. प्रयोगात बाहेरचं पाणी घालणं म्हणजे अटेंडरनं करायची गोष्ट आहे का? सांगितलं तर चौतीस वर्षांच्या नावावर पाणी पडेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर पोरीच्या नावावर. आणि दुसरंही आहे. आत्ता मला माहीत आहे की ते तिथं येतात. मी हे सांगितलं आणि तिनं शिकलेल्या डोक्यानं त्याचं काही कारण काढलं, तर ते येत नव्हते असं होईल. मग अकरा वर्षं मी कुणाशी बोललो?"

मी त्याच्या शेजारी काठावर टेकलो.

सेतू उठला, आत गेला, पिशवीतून पंचपात्र आणि पळी काढून हरितासमोर ठेवली आणि जे मला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. पोरगी आधी रागानं लाल झाली. "मामा, माझ्या सेलमध्ये? चार वर्षं?" मग एकदम थांबली. पंचपात्र उचललं. आतून बोट फिरवलं. बोटाला हिरवट लागलं.

"हे तांबं आहे," ती म्हणाली.

"पितळेची संध्या असते का?" वसुमती म्हणाली.

हरिता हसायला लागली, आणि हसताहसता रडायला. मग आम्हाला सांगितलं. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं की तांब्याचा अगदी कणभर अंश पाण्यात उतरतो. रोज एक पळी, अकरा वर्षं. वीज लागली की तो अंश काळ्या पट्टीवर जाऊन बसायचा. लालसर डाग म्हणजे तेच तांबं. आणि तांब्यावर ती रिंगणं एकमेकांना मिठी मारत नाहीत, शेपटाला हायड्रोजन घेतात. "आणि मी ते घासून काढलं, मामा."

"आणि वीज गेल्यावर काटा पलीकडे जातो तो?" मी विचारलं.

"बंद केला की सेल थोडा वेळ उलटी वीज देतो, आजोबा. सगळेच देतात."

सेतू ऐकत होता. चेहऱ्यावर काही नाही. "मग बरं झालं," म्हणाला. पण आवाज रिकाम्या भांड्यासारखा.

शुक्रवारी मी पण गेलो. सेतूला एकट्याला कसा पाठवणार? शिवराज सर आधीच येऊन बसले होते, आणि बसले होते ते त्या वेताच्या खुर्चीत. सेतूचे पाय दारातच थांबले.

"या," शिवराज सर म्हणाले. "काय झालं? बसू नये का? वेत आणि लाकूड आहे हे." मग पंचपात्राकडे बघून, "आता पूजा पण होणार वाटतं."

"नाही सर," हरिता म्हणाली. "आधी एक पळी घालून दाखवते. चालणार नाही."

तसंच झालं. चिकटा. एका पळीत अंश तो किती! मग तिनं मोरचूद तोलून घेतला. मोरचूद म्हणजे आम्ही पिकावर फवारतो ते निळे खडे, तांब्याचंच मीठ. चिमटीच्या शंभराव्या भागाइतका. पाण्यात विरघळवून तिनं ते शिवराज सरांच्या हातात दिलं. सेल त्यांनी स्वतः भरला, बटण त्यांनी दाबलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. पट्टी लालसर झाली. दोन तासांनी पाणी स्वच्छ. वास गेला, पण या वेळी हळूहळू गेला, जसा जायला हवा तसा.

शिवराज सरांनी मापं घेतली, चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. तांबं. लिही तसं. प्रबंध आण, सही करतो."

सेतू वळून जायला निघाला होता. हरिता म्हणाली, "थांबा मामा. सर, एक राहिलंय." आणि तिनं जुनं रजिस्टर टेबलावर उघडलं.

"मामा, पहिली पळी तुम्ही अमावास्येला घातलीत ना? सर गेल्यानंतरच्या पहिल्या?"

"हो."

"मी पंचांग पाहिलं. ती या तारखेला आहे. आणि तुमच्या अक्षरात 'द्रव स्वच्छ' पहिल्यांदा लिहिलंय ते नऊ दिवस आधी. या नऊ दिवसांत रोज स्वच्छ आहे."

मी म्हणालो, "पहिल्या दिवशी मी होतो. पोत्यावर बसलो होतो."

शिवराज सर म्हणाले, "जुन्या पट्टीवर आधीपासून तांबं असेल."

हरितानं मागचं पान उलटलं. तिथं राजगोपाल सरांचं अक्षर होतं, ते गेले त्या दिवसाचं. नवीन पट्टी बसवली. खाली दुसरी ओळ, पाणी नवीन, भांडं नवीन. त्याखाली काहीच नाही.

"बरं, पुढचं पण पाहा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हिशेब केला. रोज एक पळीनं पट्टीवर पुरेसं तांबं बसायला निदान सहा महिने हवेत. पळी अकरा वर्षांचं कारण आहे. त्या पहिल्या दिवसांचं नाही."

सेतूनं हात जोडले नाहीत, काही नाही. फक्त त्याच्या खांद्यांतला ताठपणा गेला.

"हे प्रबंधात नको," शिवराज सर म्हणाले. "उगाच प्रश्न विचारतील."

"मामांनी स्वतःचं नाव घालवून खरं सांगितलं, सर. मी अर्धं खरं कसं लिहू? एक ओळ लिहिली आहे. 'सुरुवातीच्या दिवसांतील निकालांचे कारण समजलेले नाही.' ती ठेवूनच सही करा. नाहीतर नका करू."

शिवराज सरांनी रजिस्टर पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. ते अजून त्या खुर्चीतच होते. वाचतावाचता त्यांनी एकदा मान वळवून सेलकडे पाहिलं. राजगोपाल सर गेले तेव्हा त्यांची मान होती, त्याच कोनात. सेतूनं माझा दंड घट्ट धरला.

आणि शिवराज सर उठले. घाईनं नाही, पण उठले. उभ्या उभ्याच टेबलावर वाकून सही केली. पेन खिशात ठेवलं. जाताना दोन पावलं परत आले, वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून सेलसमोर नीट सरळ ठेवली, वडीलधाऱ्यासाठी ठेवतात तशी, आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

सेतू नळाशी गेला. टंबलर एकदाच धुतला. पाण्यानं भरून खुर्चीसमोर ठेवला.

"चला भावजी," म्हणाला. "पाच-दहाची बस मिळेल."

आम्ही निघालो. दारातून मी एकदा मागे वळून पाहिलं. वीज होती, पंखा चालू होता, सेल बंद होता, तारा हरितानं काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. काटा मात्र मी पाहिला नाही. मुद्दाम पाहिला नाही.